युरिया आणि जमिनीचं आरोग्य: शेतकऱ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

खालचे प्रश्न ऊस, सोयाबीन, कापूस आणि भात करणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात. हिशेब हेक्टरी आहेत. एकरी हवा असेल तर अडीचने भागा. एकच गोष्ट दोनदा नको म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आपली जमीन चुनखडीची काळी आहे की जांभ्याची लाल, हे आधी ठरवून घ्या (प्रश्न ४). निम्मी उत्तरं त्यावर फिरतात.

१. वर्षानुवर्षं युरिया टाकून जमीन खरंच खराब होते का?

एकटा युरिया टाकत राहिलं तर होते. स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि सेंद्रिय खताच्या जोडीने, शिफारशीइतका टाकला तर होत नाही. हे अंदाजाने सांगत नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग १९७० पासून देशात ठिकठिकाणी चालू आहेत. त्याच वाफ्याला दरवर्षी तेच खत, तीच मात्रा. महाराष्ट्रात अकोल्याला १९८८ पासून ज्वारी-गव्हावर असा प्रयोग आहे. जवळपास सगळीकडे चित्र सारखं: शिफारशीत खत अधिक शेणखत मिळालेला वाफा पुढे, नुसतं नत्र (नायट्रोजन) मिळालेला मागे. काही लाल जमिनींत तर नुसत्या नत्राचा वाफा काहीच न दिलेल्या वाफ्याच्याही खाली गेला (प्रश्न ५).

२. एका गोणीत नत्र नेमकं किती असतं?

युरियात ४६ टक्के नत्र. गोणी आता ४५ किलोची आहे, म्हणजे २०.७ किलो नत्र. जुन्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो होतं, आणि अजूनही बरेच जण तोच आकडा धरून चालतात. डीएपीच्या ५० किलोत ९ किलो नत्र, १०:२६:२६ च्या गोणीत ५ किलो, २०:२०:०:१३ मध्ये १० किलो, अमोनियम सल्फेटच्या गोणीत सव्वादहा किलोच्या आसपास. मिश्रखतातलं हे नत्र हिशेबात धरायचं राहून जातं. दोन गोणी डीएपी टाकल्या की जवळजवळ एक गोणी युरियाचं नत्र आधीच पडलेलं असतं.

३. युरिया जमिनीत पडल्यावर त्याचं होतं काय?

ओलाव्यात तो विरघळतो आणि जमिनीतलं युरिएज नावाचं विकर दोन ते चार दिवसांत त्याचा अमोनियम करतं. या टप्प्यावर दाण्याभोवतीचा सामू (पीएच) तात्पुरता वाढतो आणि वरवर पडलेल्या खतातला अमोनिया हवेत उडतो. नंतर एक ते तीन आठवड्यांत जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करतात. आम्ल तयार होतं ते याच टप्प्यात.

पिकाने नायट्रेट उचललं तर मुळांभोवती त्या आम्लाची बरीचशी भरपाई होते. पाण्याबरोबर ते खाली वाहून गेलं तर आम्ल वरच्या थरात राहतं आणि जाताना नायट्रेट कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन जातं. म्हणून जमीन बिघडवण्यात पिकाला मिळालेल्या नत्राचा वाटा लहान, वाया गेलेल्या नत्राचा मोठा.

४. युरियाने जमीन आम्लधर्मी होते म्हणतात, पण आमच्या काळ्या जमिनीचा सामू ८.२ आहे. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे. १०० किलो युरियातून साधारणपणे जेवढं आम्ल तयार होतं असं धरतात, ते मारायला ८० ते ८४ किलो चुनखडी लागते. आता काळ्या जमिनीचा हिशेब करा. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंमी थरात साधारण २० लाख किलो माती असते. मुक्त चुना ५ टक्के धरला तरी १ लाख किलो, म्हणजे १०० टन. आडसाली (जुलै-ऑगस्टला लावलेल्या, दीड वर्षाच्या) उसाचं सगळं ४०० किलो नत्र युरियातून दिलं, तर ८७० किलो युरिया होतो आणि साधारण ७०० किलो चुना खर्ची पडतो. या वेगाने १०० टन चुना संपायला १४० पिकं लागतील. तोवर सामू जागचा हलणार नाही. आठच्या वर सामू असलेल्या जमिनीला आम्लाची भीती घालण्यात अर्थ नाही. तिचे प्रश्न वेगळे आहेत (प्रश्न ८, ११, १५).

चुना आहे का ते घरी पाहता येतं. फरशी धुवायचं ॲसिड १ भाग, पाणी ९ भाग. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. काचेचं भांडं, हातमोजे, मोकळी हवा. चमचाभर बारीक कोरड्या मातीवर चार-पाच थेंब टाका. कानाशी धरल्यावर सोड्याच्या बाटलीसारखा आवाज आला आणि बुडबुडे दिसले तर मुक्त चुना आहे. पांढरे खडे वेचून बाजूला काढा. खडा फसफसला म्हणजे माती फसफसली असं होत नाही.

५. आमची जमीन कोकणातली, लाल. आम्हालाही तोच हिशेब लागू का?

नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोवा आणि आजरा-चंदगडकडच्या जांभ्याच्या जमिनीत मुक्त चुना नसतो. पाऊस धो धो, सामू आधीच साडेपाच-सहाच्या आसपास. तिथे युरियाचं आम्ल मारायला काहीच नाही. सामू साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळायला लागतं, मुळांची टोकं आखूड आणि जाड होतात आणि स्फुरद अडकून बसतं. वरून खत वाढवलं तरी पीक पिवळं ते पिवळंच.

याचा सगळ्यात कडक दाखला हिमाचलमधल्या पालमपूरचा. तिथे १९७२ पासून मका-गव्हाचा प्रयोग चालू आहे. नुसतं नत्र मिळालेल्या वाफ्यांचं उत्पादन घसरत घसरत शून्यावर आलं. रांचीच्या लाल जमिनीतही नुसत्या नत्राने असंच पीक कोसळलं. दोन्हीकडे खताच्या जोडीला चुना मिळालेले वाफे तग धरून राहिले.

६. मग लाल जमिनीत चुना किती आणि कधी टाकायचा?

पहिली मात्रा माती परीक्षणातल्या चुन्याच्या गरजेवरून ठरवा. नुसत्या सामूवरून ती ठरत नाही, कारण सारख्याच सामूच्या भारी आणि हलक्या जमिनीला चुना वेगवेगळा लागतो. त्यानंतर सामू टिकवण्यापुरता हिशेब सोपा: दर १०० किलो युरियामागे ८० किलो बारीक दळलेला चुनखडीचा भुगा.

पेरणी-लावणीच्या तीन-चार आठवडे आधी, मातीत मिसळून. ज्या दिवशी चुना त्या दिवशी युरिया नाही. दोन्ही एकत्र आले की अमोनिया उडतो, नाकाला झोंबतो तोच. भुगा जाडा असेल तर दोन-दोन वर्षं फरक दिसत नाही आणि दोष चुन्यावर जातो. जिप्सम हा चुन्याला पर्याय नव्हे. त्यात कॅल्शियम आहे, पण आम्ल मारायची ताकद नाही.

७. नदीकाठची आमची जमीन क्षारपड झाली. हे युरियाचंच काम ना?

मुख्य कारण पाणी. शिरोळ, मिरज, वाळवा भागातल्या क्षारपड जमिनींत पाटाने भरमसाट पाणी, बुजलेले नाले आणि वर आलेली भूजल पातळी हे तिन्ही एकत्र सापडतात. पाणी केशाकर्षणाने वर येतं, उडून जातं, क्षार मागे राहतात. युरिया स्वतः क्षार नाही आणि एका हंगामात त्याने पडणारी भर सिंचनाच्या पाण्यातून येणाऱ्या क्षारांपुढे किरकोळ असते. युरिया बंद करून क्षारपड जमीन सुधारत नाही; आधी चर किंवा सच्छिद्र पाइपचा निचरा, मग बाकीचं. उलट बाजूने मात्र संबंध आहे: क्षारपड जमिनीत पीक नत्र नीट उचलत नाही, म्हणून शेतकरी आणखी टाकतो आणि तेही वाया जातं.

८. युरिया सेंद्रिय कर्ब जाळतो का?

मेळाव्यांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते अर्धवट आहे. जिवाणूंना कर्बाबरोबर नत्र लागतं, त्यामुळे काडीकचऱ्यावर युरिया पडला की तो लवकर कुजतो, हे खरं. पण टिकाऊ ह्युमस तयार व्हायलाही दर १०-१२ भाग कर्बामागे १ भाग नत्र लागतंच. बहुतेक दीर्घकालीन प्रयोगांत समतोल खत मिळालेल्या वाफ्यात खत न मिळालेल्या वाफ्यापेक्षा कर्ब थोडा जास्तच सापडतो, कारण पीक मोठं म्हणजे मुळं आणि धसकटंही जास्त. अमेरिकेतल्या इलिनॉयच्या जुन्या प्रयोगावरून २००७ मध्ये उलटा निष्कर्षही मांडला गेला आणि त्यावर बराच वाद झाला. आमचं मत असं की आपल्याकडे कर्ब कुठे जातो हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. उसाच्या फडाला तुटल्यावर लागलेली आग दिसते.

आकड्यांत पाहू. कर्ब ०.५ टक्के असलेल्या हेक्टरच्या वरच्या थरात सगळा मिळून १० टन कर्ब. एका हेक्टर उसाचं पाचट ८ ते १० टन, त्यात कर्ब जवळपास ४ टन. ते पेटवलं तर वीस मिनिटांत गेलं. ठेवलं तरी बहुतेक कर्ब कुजताना हवेत जातो. वर्षाअखेर टिकतो तो ४०० ते ८०० किलो. पण तेवढाच काय तो जमा.

याखेरीज जनावरं कमी झाली म्हणून शेणखत नाही, सोयाबीनचं भुसकट बांधाबाहेर जातं, रोटाव्हेटर वर्षातून चार वेळा फिरतो, आणि एप्रिल-मेमध्ये रान उघडं तापतं. युरियाचा खरा दोष एवढाच की त्याने पीक हिरवं दिसत राहतं आणि जमिनीला काही परत दिलं नाही हे पंधरा-वीस वर्षं लक्षात येत नाही.

९. जमीन दगडासारखी झाली, ढेकळं फुटत नाहीत. युरिया बंद करू का?

आधी कारण शोधा. शेतातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या, काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा आरओचं पाणी भरा आणि ढेकूळ अलगद सोडा. हलवायचं नाही.

पाच मिनिटांत ते ढासळून तळाशी चुऱ्याचा ढीग झाला, पण पाणी नितळ राहिलं, तर सेंद्रिय पदार्थ कमी आहे. मातीचे कण बांधून ठेवणारा डिंक संपला आहे. ढेकळाभोवती दुधासारखं वलय पसरलं आणि दोन तासांनीही पाणी गढूळ राहिलं, तर सोडियम जास्त आहे. विहीर-बोअरचं पाणी तपासा. ढेकूळ तसंच टिकलं, पण शेतात सळई एक वीतभर जाऊन अडते आहे, तर तो ट्रॅक्टरच्या चाकांनी किंवा सारख्याच खोलीच्या नांगरटीने बसलेला तळथर आहे. बंधाऱ्याचं किंवा बोअरचं पाणी वापरून ही चाचणी करू नका, त्यातले क्षार निकाल फिरवतात.

तीनपैकी एकाही प्रकारात युरिया बंद करणं हा इलाज नाही. पहिल्यात सेंद्रिय खत आणि कमी मशागत, तिसऱ्यात वाफसा गेल्यावर, माती खाली कोरडी असताना सबसॉयलर. दुसऱ्यात निचरा आणि जिप्सम. मुक्त चुना भरपूर असेल तर गंधकही चालतं, कारण त्याचं आम्ल जमिनीतलाच कॅल्शियम मोकळा करतं.

१०. युरियाने गांडुळं आणि जिवाणू मरतात का?

दाण्याच्या अगदी जवळ काही दिवस मरतात. अमोनिया त्यांना सोसत नाही. आठवडा-दोन आठवड्यांत संख्या पूर्ववत होते. कायमचं नुकसान होतं ते सामू घसरल्यावर किंवा खायला काही न उरल्यावर. चुनखडीच्या काळ्या रानात दुसरं कारणच जास्त आढळतं.

मोजून पाहा: पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरला, सकाळी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. माती प्लास्टिकवर फोडून गांडुळं मोजा. शेतात पाच ठिकाणी. मग तेच बांधावर करा, जिथे नांगर लागत नाही. बांधावर १० आणि शेतात १ असेल, तर फरक मशागतीचा आणि काडीकचऱ्याचा आहे.

११. पूर्वी एवढ्याच खतात पीक यायचं. आता पानं पिवळी का पडतात?

नत्राने उत्पादन वाढलं की पीक बाकीची अन्नद्रव्यंही तेवढीच जास्त उचलतं. ती परत दिली नाहीत तर जमिनीतला साठा उपसला जातो. पूर्वी सिंगल सुपर फॉस्फेटमधून ११ टक्के गंधक आपोआप मिळायचं. डीएपी आल्यावर ते बंद झालं. शेणखतातून मिळणारं जस्तही गेलं. त्यात खतांचे दर: १९९२ मध्ये स्फुरद-पालाश नियंत्रणमुक्त झाले, २०१० ची पोषणद्रव्याधारित अनुदान योजना आली तीही युरियाला वगळून. स्वस्त गोणीकडे हात जाणारच.

पिवळेपणा कुठे आहे ते बघा. जुनी, खालची पानं पिवळी: नत्र. सगळ्यात कोवळी पानं एकसारखी फिकट: गंधक. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-पांढरा: लोह. पानाच्या मधोमध फिकट पट्टे आणि पेरं आखूड: जस्त. माती अहवालात जस्त ०.६, लोह ४.५ आणि गंधक १० पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरा. झिंक सल्फेट हेक्टरी २५ किलो, आठवडाभर शेणखतात मुरवून. फेरस सल्फेटही तसंच. चुनखडीच्या जमिनीत कोरडं फेरस सल्फेट फेकलं तर ते काही दिवसांत अडकतं आणि पैसे पाण्यात जातात. झिंक सल्फेट डीएपीत मिसळून देऊ नका.

१२. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त आलं. त्याचं काय करायचं?

पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यावर असेल तर ते पाणी पिऊ नका आणि तान्ह्या बाळाच्या दुधात तर अजिबात नको. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. कारण खतच असेल असं नाही. विहिरीजवळचा गोठा किंवा शोषखड्डाही तपासा.

सिंचनासाठी मात्र ते फुकटचं नत्र आहे. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे १० मिलिग्रॅम नत्र. हेक्टरवर १ सेंमी पाणी म्हणजे १ लाख लिटर, म्हणजे १ किलो नत्र. ७ सेंमीच्या दहा पाळ्या दिल्या तर ७० किलो नत्र पाण्यातूनच पडलं, जवळजवळ साडेतीन गोण्या. तेवढा युरिया कमी करा.

१३. माती परीक्षणात दरवर्षी नत्र ‘कमी’च येतं. इतका युरिया टाकून?

येणारच. २८० किलोच्या खाली ‘कमी’ असं प्रमाण आहे आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक जमिनी त्याखालीच असतात. ही चाचणी मुख्यतः सेंद्रिय पदार्थातून सुटू शकणारं नत्र मोजते. मागच्या वर्षीचा युरिया जमिनीत साठून राहत नाही. ‘कमी’ वाचून मात्रा वाढवण्याआधी त्याच कागदावर सेंद्रिय कर्ब बघा. तो ०.४ च्या खाली असेल तर खरा रोग तिथे आहे.

नमुना खत दिल्यापासून दोन-अडीच महिन्यांनी, १०-१५ ठिकाणांहून, इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा वीतभर खड्डा करून. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा सोडून. एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत अर्धा किलो उरेपर्यंत. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरून आणली तर अहवाल फुकट गेला.

१४. उसाला शिफारशीपेक्षा जास्त युरिया दिला तर तोटा काय?

आडसालीला शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७० किलो (नत्र:स्फुरद:पालाश). एकरी १६० किलो नत्र, म्हणजे सगळं युरियातून दिलं तरी पावणेआठ गोण्या. को ८६०३२ या वाणाला २५ टक्के जास्त. त्यापुढचा युरिया ऊस लोळवतो, मावा-पांढऱ्या माशीला आमंत्रण देतो आणि गुळाचा रंग-कणी बिघडवतो. उरलेलं नायट्रेट पहिल्या वळवाला खाली जातं (प्रश्न ३).

एकूण आकड्यापेक्षा हप्ते जास्त महत्त्वाचे: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १०, मोठ्या बांधणीला ४०. लागणीलाच निम्मा युरिया ओतणं ही सगळ्यात सर्रास चूक. तेव्हा कांडीला मुळंच फुटलेली नसतात.

१५. युरिया टाकायची योग्य पद्धत कोणती?

मातीआड करणं. सामू साडेसातच्या वर, ओली गरम माती, वर फेकलेला युरिया आणि मग चार दिवस ऊन: अशात २०-३० टक्के नत्र सहज उडतं. फेकायचाच असेल तर लगेच हलकं पाणी द्या, म्हणजे तो दोन-तीन इंच खाली जाईल. पाटाने भरपूर पाणी दिलं तर तो मुळांच्याही खाली जातो. पाणी देऊन मग चिखलावर युरिया फेकणं ही सगळ्यात वाईट रीत, आणि सोपी म्हणून सगळ्यात जास्त चालते.

खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात) पहारीची पद्धत उत्तम. बुडख्यापासून १०-१५ सेंमीवर, १५-२० सेंमी खोल छिद्र, दोन छिद्रांत ३० सेंमी. पहिली मात्रा तुटल्यापासून १५ दिवसांच्या आत एका बाजूला, दुसरी १३०-१३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला. मजुरी लागते, पण पाचट न जाळता खत देण्याचा हा चांगला मार्ग आहे.

१६. पाचट कुजवायला पुन्हा युरियाच टाकायचा, हे उलटं नाही का?

नाही. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का. जिवाणूंना ते कमी पडलं की ते मातीतलं ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं संवर्धन. पाचट सरीत दाबा, बुडखे मोकळे ठेवा, खत पसरा, मग पाणी. संवर्धन शेणखतात किंवा शेणकाल्यात कालवून, युरियात मिसळून नव्हे.

१७. युरिया एकदम बंद केला तर?

पहिल्या दोन-तीन वर्षांत उत्पादन पडेल, कमी कर्बाच्या रानात जास्तच. १० टन शेणखतात साधारण ५० किलो नत्र असतं आणि पहिल्या हंगामात त्यातलं एक तृतीयांशच सुटतं. जीवामृतातून पडणारं प्रत्यक्ष नत्र फार थोडं असतं. म्हणून बंद करण्याऐवजी उतरवत जा: ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर, ४५-५० दिवसांनी गाडला तर हेक्टरी ६० ते ९० किलो नत्र मिळतं. त्या वर्षी युरियातून तेवढं वजा करायला सुरुवात करा. ताग उशिरा, काड्या टणक झाल्यावर गाडला तर प्रश्न १६ मधलीच अडचण येते.

१८. सोयाबीनला युरियाचा वरडोस द्यावा का?

सहसा नको. पेरणीवेळचं हेक्टरी ३० ते ५० किलो नत्र पुरे. जास्त नत्र मिळालं की झाड गाठी कमी धरतं. ३५-४० दिवसांनी झाड मुळासकट हलक्या हाताने खणून गाठ नखाने फोडा: आत गुलाबी असेल तर ती काम करते आहे, हिरवट-पांढरी असेल तर नाही.

१९. भातखाचरात पाणी उभं असतं. तिथे हिशेब वेगळा का?

हो. पाण्याखाली हवा नसल्याने नायट्रेटचा नत्रवायू होऊन उडून जातो. म्हणून उभ्या पाण्यात युरिया फेकू नका. चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) भाताच्या चार चुडांच्या मधोमध ७-१० सेंमी खोल खोचतात. हेक्टरी १७० किलो. खोचल्यावर छिद्र चिखलाने बुजलं पाहिजे. लाल जमिनीच्या खाचरात पाणी असेपर्यंत सामू आपोआप सहा-साडेसहाकडे सरकतो आणि पाणी आटलं की परत उतरतो. त्यामुळे भाताला न जाणवलेलं आम्ल मागच्या कुळथाला आणि भुईमुगाला जाणवतं. नमुना कोरड्या रानाचा घ्या.

२०. ठिबकमधून थोडं थोडं देतो. मग तरी जमीन सुरक्षित ना?

नत्र वाया कमी जातं हे खरं. पण सगळं आम्ल ड्रिपरखालच्या घमेल्याएवढ्या ओल्या गोळ्यात जमतं. हलक्या, बिनचुनखडीच्या माळरानावर, वर्षानुवर्षं त्याच जागी नळी असलेल्या बागेत ड्रिपरखालचा सामू आणि दोन ओळींमधला सामू यांत मोठा फरक पडू शकतो. दोन्हींचे नमुने वेगळे द्या. एकत्र केले तर सरासरी ठीक दिसते आणि मूळ मात्र त्या गोळ्यातच असतं.

२१. युरियाऐवजी अमोनियम सल्फेट, युरिया गोल्ड किंवा नॅनो युरिया वापरला तर?

अमोनियम सल्फेट नत्राच्या प्रमाणात युरियाहून कितीतरी जास्त आम्ल करतं: १०० किलोला ११० किलो चुनखडी, तेही निम्म्याहून कमी नत्र देऊन. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या पार्क ग्रास प्रयोगात १८५६ पासून ते मिळालेल्या, चुना न दिलेल्या पट्ट्यांचा सामू ४ च्या खाली गेला आणि गांडुळं नाहीशी झाली. शेजारी सोडियम नायट्रेटच्या पट्ट्यांत असं झालं नाही. म्हणजे कोकणात ते टाळा. चुनखडीच्या काळ्या जमिनीत मात्र तेच चांगलं: गंधक मिळतं आणि अमोनिया कमी उडतो.

युरिया गोल्ड म्हणजे गंधकाचं आवरण: ३७ टक्के नत्र, १७ टक्के गंधक, ४० किलोच्या गोणीत १४.८ किलो नत्र. साध्या गोणीशी गोणी बदलली तर नत्र ६ किलोने कमी पडतं. नॅनो युरियाच्या ४ टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत २० ग्रॅम नत्र असतं, २० टक्क्यांच्या बाटलीत १००. पानावरची फवारणी म्हणून बघा. गोणीची जागा ती घेऊ शकत नाही, आणि जमिनीच्या आरोग्यावर तिचा बरा-वाईट परिणाम दिसण्याइतकं नत्रच त्यात नाही. निंबोळी लेप २०१५ पासून सगळ्याच युरियावर आहे. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

२२. बिघडलेली जमीन किती वर्षांत सुधारते?

आम्लता सगळ्यात लवकर: बारीक चुना नीट मिसळला तर एका-दोन हंगामांत. जस्त-गंधक त्याच हंगामात. तळथर फोडला की लगेच, पण ओल्या रानात ट्रॅक्टर घातला की तो पुन्हा बसतो.

कर्बाला वेळ लागतो. प्रश्न ८ मधले ४००-८०० किलो म्हणजे वर्षाला ०.०२ ते ०.०४ टक्के, तेही जुन्या कर्बाची झीज न धरता. ०.४ चं ०.५ व्हायला चार-पाच वर्षं धरा आणि एका वर्षी फड पेटला तर एक वर्ष मागे. दोन वर्षांच्या अहवालांत ०.०५ चा फरक दिसला तर खूश होऊ नका, खचूही नका. तेवढा फरक नमुना घेण्यातच पडतो. म्हणून दर तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच शेताचा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत नमुना द्या आणि कागद जपून ठेवा.